गाणं आवडतं, गाणारा नाझी निघाला

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा चौघांचा बँड आहे, मी गिटार वाजवतो. ब्लॅक मेटल, म्हणजे मेटलमधला सगळ्यात कर्कश, काळोखी प्रकार, त्याची गोडी मला आमच्या व्होकलिस्टमुळे लागली. शाळेपासूनचा मित्र. त्यानेच नॉर्वेचं बर्झम ऐकवलं आणि मी वेडा झालो. ट्रेमोलो पिकिंग त्या रेकॉर्डवरूनच शिकलो. नंतर कळलं की हा एकट्या माणसाचा बँड आहे आणि तो माणूस, वर्ग विकर्नेस, खुनी आहे, वर वंशद्वेष्टा. आता मित्र म्हणतोय, फेस्टला बर्झमचं कव्हर करायचं आणि बँडच्या टी-शर्टवर 'काळा सूर्य' हे नाझींशी जोडलेलं चिन्ह छापायचं. मी नको म्हटलं तर म्हणतो, "म्युझिक इज म्युझिक, तू उगाच सोवळं नेसू नकोस." शिवाय ते लोक कलियुगावर गातात, आपल्याला आर्य मानतात, मग आपल्याला कसली अडचण, असं त्याचं म्हणणं. हल्ली ग्रुपवर ज्यूंवरचे मीमही टाकतो. मी हे ऐकणं सोडू का? मित्राला काय सांगू? पुढच्या वर्षी एमएससाठी जर्मनीला जायचंय, म्हणून जास्तच धास्ती वाटते. आईचं वेगळंच, तिला हे सगळंच सैतानी वाटतं.
निखिल (नाव बदललं आहे), पुणे

उत्तर

निखिल,

ऐकण्याचं आधी उरकून टाकते. तू त्यावरच सगळ्यात जास्त झुरतोयस आणि माझ्या लेखी तेच सगळ्यात हलकं प्रकरण आहे. बर्झमचा 'फिलोसोफेम' आवडला म्हणून कुणी नाझी होत नाही. 1993 मध्ये रेकॉर्ड झालेला आणि कर्ता तुरुंगात असताना 1996 मध्ये बाहेर आलेला तो अल्बम आहेच तसा. गिटारला धड अँप नाही, भावाच्या घरच्या स्टिरिओतून फझ पेडल लावून वाजवलेली. गाण्यासाठी स्टुडिओतला सगळ्यात भिकार माइक द्या म्हणाला, तर हातात हेडसेटचा माइक पडला. त्या खरखरीतून जो गारठा येतो तो मलाही जाणवतो. रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक बघत वाढलेली बाई आहे मी, तुझ्या कानांवर शंका घेणार नाही. फाइल तुझ्याकडे आहेच, ती ऐक. त्या माणसाला दमडी मात्र देऊ नकोस. रेकॉर्ड, पॅच, टी-शर्ट, काहीच विकत घ्यायचं नाही.

'म्युझिक इज म्युझिक'चं मात्र मला पटलेलं नाही. कारण हे फक्त ऐकणारे म्हणतात. ज्यांनी या गाण्यांतून विष पसरवलं त्यांनी स्वतः असं कधीच मानलं नव्हतं. गाणं कशाला उपयोगी पडतं हे त्यांना तुझ्या मित्रापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

सुरुवात नॉर्वेतल्या ऑस्लोपासून करू, कारण तुझी ओळख तिथलीच. 1991 मध्ये तिथे 'हेल्वेटे' नावाचं रेकॉर्डचं दुकान निघालं. मालक मेहेम या ब्लॅक मेटल बँडचा गिटारिस्ट युरोनिमस. भोवती जमणारी पोरं विशीच्या आतबाहेरची. युरोनिमस कम्युनिस्ट म्हणवून घ्यायचा, स्टालिन आणि चाउशेस्कूचे गोडवे गायचा आणि त्याच तोंडाने सैतानाचे. यात विचारसरणी शोधायला गेलास तर हाती काही लागणार नाही. समोरच्या सभ्य माणसाला किती हादरा बसतो एवढंच माप होतं. पण अशा ठिकाणी चढाओढ लागते. एकाने बोलायचं, दुसऱ्याने करून दाखवायचं.

जून 1992 मध्ये बर्गनमधलं फान्तोफ्तचं लाकडी चर्च जळालं, मूळ बाराव्या शतकातलं. विकर्नेसने पुढच्याच वर्षी त्या जळक्या सांगाड्याचा फोटो आपल्या 'आस्के' या रेकॉर्डच्या कव्हरवर घेतला आणि सुरुवातीच्या प्रतींबरोबर गिऱ्हाइकाला एक लायटर भेट दिला. लायटरवर तेच चित्र. त्या एका चर्चच्या आरोपातून तो सुटला, इतर चर्च जाळल्याबद्दल दोषी ठरला. मला विचारशील तर ते लायटरचं प्रकरण कोर्टाच्या निकालापेक्षा जास्त बोलकं आहे. आग लागली, तिचा फोटो निघाला, फोटोचा माल झाला आणि मालाबरोबर 'आता तूही लाव' अशी सूचनाही गेली. असा माणूस 'म्युझिक इज म्युझिक' मानत होता असं तुला वाटतं?

1992 च्याच ऑगस्टमध्ये एम्परर या बँडच्या ड्रमरने लिलेहामरला एका समलिंगी माणसाला भोसकून मारलं. ऑगस्ट 1993 मध्ये विकर्नेसने युरोनिमसला त्याच्याच इमारतीच्या जिन्यात मारलं. 1994 मध्ये त्याला 21 वर्षांची शिक्षा झाली, नॉर्वेतली सगळ्यात मोठी. मेहेमचा अल्बम त्याच वर्षी आला. त्यावर गिटार युरोनिमसची आणि बास विकर्नेसचा. युरोनिमसच्या आईवडिलांनी तो बास काढून टाका म्हणून ड्रमरला विनवलं होतं. ड्रमर हो म्हणाला, आणि काढला नाही.

तू म्हणशील, ही तर माथेफिरू पोरांची गोष्ट झाली. बरोबर आहे. ब्लॅक मेटल म्हणजे नाझी असं समीकरण मांडणारे लेख अधूनमधून येतात, ते मला आळशी वाटतात. एन्स्लेव्डसारखे त्याच मातीतले बँड त्या वाटेला गेले नाहीत. विकर्नेस गेला. तुरुंगात बसून वंश, रक्त आणि ज्यू यांवर लिहीत राहिला. 2009 मध्ये सुटला, फ्रान्सला स्थायिक झाला, आणि 2014 मध्ये तिथल्या कोर्टाने ज्यू आणि मुसलमानांविरुद्ध द्वेष भडकवल्याबद्दल त्याला सहा महिन्यांची स्थगित शिक्षा आणि 8000 युरो दंड ठोठावला. म्हणजे हे विशीतलं खूळ नव्हतं. चाळिशीतही तेच चालू होतं.

तरीही विकर्नेस हा एकांडा. चळवळ उभी राहिली ती इंग्लंडमध्ये, ब्लॅक मेटलच्या आधी. 1976 मध्ये एरिक क्लॅप्टन बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून दारूच्या नशेत परदेशी लोकांविरुद्ध बरळला आणि त्याच्या संतापातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' निघालं. 1978 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये क्लॅश या पंक बँडला ऐकायला प्रचंड गर्दी जमली. नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाच्या लोकांनी हे पाहिलं आणि उत्तर म्हणून 'रॉक अगेन्स्ट कम्युनिझम' काढलं. त्यांना हुकमी बँड मिळाला स्क्रूड्रायव्हर. 1976 मध्ये साधा पंक बँड म्हणून सुरू झालेला, पण त्याचा गायक इयन स्टुअर्ट डोनाल्डसन याने 1983 पर्यंत बँडला गोऱ्यांच्या वर्चस्वाचा भोंगा करून टाकलं. 1987 मध्ये त्याने 'ब्लड अँड ऑनर' ही स्वतःची संघटना काढली. 1993 मध्ये तो मोटार अपघातात मेला. संघटना मात्र युरोपभर पसरली.

यातली चाल समजून घे. अठरा वर्षांच्या बेकार पोराला पक्षाच्या सभेला बोलावलं तर तो येत नाही. गिगला येतो. तिथे बिअर असते, शेजारचा खांद्यावर हात टाकतो, कोरस सगळ्यांना पाठ असतो. दोन-चार गिगनंतर त्याला वाटतं, ही आपली माणसं. वंशाची थिअरी त्यानंतर येते, आणि माणसं गमवायची नाहीत म्हणून तो ती गिळतो. जर्मनीत 2004 मध्ये नव्या नाझींनी शाळांच्या आवारात फुकट सीडी वाटायचा घाट घातला होता. छापल्या होत्या 50,000. फुकट गाणं कोण कुणाला देतं? लांडझर नावाच्या बर्लिनच्या बँडला तर तिथल्या कोर्टाने 2003 मध्ये गुन्हेगारी टोळी ठरवलं. बँडला, संघटनेला नव्हे. कोर्टालाही कळलं होतं की इथे गाणं हेच संघटनेचं काम आहे.

आता तुझ्या मित्राच्या आर्य असण्याकडे येते.

जुलै 1981. लंडनच्या साउथॉलमध्ये, म्हणजे आपल्या पंजाब्यांच्या वस्तीत, हॅम्ब्रो टॅव्हर्न नावाच्या पबमध्ये 'ओय' पंकवाल्या तीन बँडची गिग ठेवली होती. बाहेरून बसगाड्या भरभरून स्किनहेड आले. येताना दुकानांच्या काचा फोडल्या, नॅशनल फ्रंटच्या घोषणा दिल्या. वस्तीतली पोरं चवताळून बाहेर पडली आणि रात्री पब जळून खाक झाला. बँडवाले नंतर सांगत राहिले की आम्ही नाझी नाही. एखाद्या बँडच्या बाबतीत ते खरंही असेल. पण आपल्या गर्दीत कोण शिरलंय हे ठाऊक असून ज्यांनी स्टेजवरून 'चालते व्हा' म्हटलं नाही, त्यांचा तो खुलासा साउथॉलच्या दुकानदाराला काय कामाचा? त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या डेड केनेडीजनी आपल्या गिगला येणाऱ्या नाझी पोरांना शिवी घालून हाकलणारं एक मिनिटाचं गाणं काढलं. म्हणजे हेही जमतं.

आणि 5 ऑगस्ट 2012, रविवार. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात सकाळी बायका लंगरचा स्वयंपाक करत होत्या. वेड मायकल पेज नावाचा माणूस पिस्तूल घेऊन आला. सहा जण त्या वेळी गेले, सातवे त्या जखमांनी खंगत 2020 मध्ये वारले. हा पेज कोण होता? तुझ्यासारखाच गिटार वाजवणारा. एंड अपथी हा त्याचा स्वतःचा बँड, डेफिनिट हेट नावाच्या दुसऱ्या बँडमध्येही वाजवायचा. दहा-बारा वर्षं गोऱ्यांच्या वर्चस्वाच्या गिग आणि महोत्सव हेच त्याचं विश्व होतं. मित्र, बिऱ्हाड, ओळख, सगळं त्या संगीतातून आलेलं. त्याने गुरुद्वारात शिरताना कुणाला 'तुम्ही आर्य का?' असं विचारलं नव्हतं.

कलियुग त्या गाण्यांत कुठून आलं तेही सांगते. फ्रान्समध्ये लियाँला 1905 साली जन्मलेली माक्सिमियानी पोर्तास 1932 मध्ये भारतात आली, सावित्री देवी झाली, कलकत्त्यात एका मुखर्जींशी लग्न केलं. युद्धात जर्मनी हरल्यावर या बाईने हिटलरला थेट अवतारांच्या रांगेत नेऊन बसवलं, कल्कीच्या आधी येऊन गेलेला म्हणून. पुढे युरोप-अमेरिकेतल्या नव्या नाझींनी तिची पुस्तकं उचलली आणि तिथून कलियुग त्यांच्या बँडांपर्यंत गेलं. त्यांना आपल्या पुराणांचं प्रेम वगैरे काही नाही. 'सगळं नासलंय, आता संहारच हवा' एवढं एक वाक्य त्यांना कामाचं वाटलं. तुझ्या मित्राला वाटतंय की गोऱ्यांनी आपला मान राखला, आणि तो हुरळून गेलाय. हे हुरळणं मला त्या मीमपेक्षा जास्त खटकतं, कारण त्यात कुठेतरी गोऱ्याच्या शाबासकीची भूक आहे. हे त्याच्या तोंडावर म्हणू नकोस, बिथरेल.

मीमचं म्हणशील तर तो काही जगावेगळा नाही. आपल्याकडे हिटलर 'शिस्तीचा माणूस' म्हणून खपतो. त्याचं आत्मचरित्र फुटपाथवर प्रेमकथांच्या शेजारी मांडलेलं असतं. खारघरला 2006 मध्ये त्याच्या नावाचं हॉटेल निघालं होतं, आरडाओरडा झाल्यावर नाव बदललं. ज्यू म्हणजे कुठल्यातरी लांबच्या देशातले लोक, अशी आपली समजूत. अलिबागच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, म्हणजे बेने इस्रायली, घरात मराठीच बोलत आले. आडनावं पेणकर, रोहेकर, नागावकर. बायबलमधल्या कथांवर ते मराठीत कीर्तनं करायचे. आणि पुण्यात तुम्ही ज्याला लाल देऊळ म्हणता आणि ज्याच्यावरून दोघं बाइकवर शेकडो वेळा गेला असाल, ते 1860च्या दशकात बांधलेलं सिनेगॉग आहे.

त्याच्याशी बोल, पण ग्रुपवर नको. ग्रुपवर प्रेक्षक असतात आणि प्रेक्षकांपुढे कुणी माघार घेत नाही. दोघंच टपरीवर बसा. 'तू नाझी झालास' अशी सुरुवात केलीस तर संपलंच. पेजची गोष्ट सांग, साउथॉलची सांग. तो तांत्रिक वाद काढेल, बर्झमच्या गाण्यांत तसे शब्द कुठे आहेत म्हणेल. त्यातल्या बऱ्याच गाण्यांत खरंच नाहीत, ते मान्य करून टाक. मग विचार की गाण्यात नसेल तर टी-शर्टवर कशाला हवंय? उत्तरावरून तुला बरंच कळेल. 'खतरनाक दिसतं' म्हणाला तर प्रकरण हाताबाहेर गेलेलं नाही. खरं म्हणजे नव्वद टक्के पोरांचं तेवढंच असतं. पण तो आकडे, षड्‌यंत्रं आणि कुठल्याशा चॅनेलचे व्हिडिओ समोर ठेवायला लागला, तर त्याला ते कोण पुरवतंय, नवे मित्र कोण झालेत, हे हळूच काढून घे. तिथे वादात जिंकण्यापेक्षा त्याच्या सोबत असणं जास्त उपयोगी. या चळवळींतून बाहेर पडलेली बरीच माणसं हेच सांगतात की बाहेर कुणीतरी आपलं उरलं होतं म्हणून जमलं.

टी-शर्ट अजिबात छापायचे नाहीत, यात घासाघीस नको. तो काळा सूर्य कुठल्या प्राचीन देवळातला नाही. जर्मनीत वेवेल्सबुर्गच्या गढीत, हिमलरच्या एसएस या नाझी संघटनेच्या काळात बसवलेल्या फरशीवरची ती नक्षी आहे, बारा वाकड्या आऱ्यांची. 2019 मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत 51 माणसं मारणाऱ्याने तीच आपल्या जाहीरनाम्यावर छापली होती. टी-शर्टचं मोल दोन्ही बाजूंना पक्कं कळतं. 2011 मध्ये जर्मनीत गेरा गावच्या नाझी रॉक महोत्सवात 250 टी-शर्ट फुकट वाटले गेले. कवटी, झेंडे, बंडखोरीचा मजकूर, पोरं खूश. घरी नेऊन धुतल्यावर वरची छपाई निघून गेली आणि खालून दुसरी आली: तुमच्या टी-शर्टला जमलं ते तुम्हालाही जमेल, बाहेर पडायला आम्ही मदत करू. एक्झिट-डॉइचलांड नावाच्या संस्थेने केलेली करामत. हा किस्सा मित्राला जरूर सांग, हसेल तरी.

कव्हरही नको. तू म्हणशील, ऐकायला हरकत नाही आणि वाजवायला का? कारण हेडफोनमध्ये तू एकटा असतोस. स्टेजवर तुम्ही नाव घेता, पहिल्या वर्षाची पोरं रूमवर जाऊन ते नाव शोधतात आणि गाण्याच्या मागोमाग बाकीचं त्यांच्या पुढ्यात येतं. तुझा मित्र असाच पोचला ना? तसाच सूर हवा असेल तर एन्स्लेव्डचे सुरुवातीचे अल्बम बघा, अमेरिकेतला पॅनोप्टिकॉन बघा, लिव्हरपूलचा डॉन रेड बघा. तो तर उघड फॅसिस्टविरोधी. आणि झील अँड आर्डर ऐकलं नसेल तर आजच ऐक. त्याचा कर्ता मानुएल गान्यो, या स्विस-अमेरिकन मुलाला ऑनलाइन कुणीतरी टोमणा मारला होता, ब्लॅक मेटलमध्ये काळ्यांचं संगीत मिसळून दाखव म्हणून, आणि तेही शिवी वापरून. त्याची आई कृष्णवर्णीय. त्याने खरंच गुलामांच्या गाण्यांचा बाज आणि ब्लॅक मेटलच्या ड्रमचा सुसाट ब्लास्ट बीट एकत्र केले आणि 2016 मध्ये असा अल्बम काढला की शिवी देणारा कुठल्याकुठे राहिला. तुम्हाला स्वतःचं गाणं करायचं असेल तर त्याच्यापासून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

जर्मनीची धास्ती घेऊ नकोस, पण बॅग नीट भर. तिथल्या फौजदारी कायद्याच्या कलम 86-अ प्रमाणे नाझी संघटनांची चिन्हं सार्वजनिक ठिकाणी मिरवली तर दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नाझी स्वस्तिक त्यात येतं, एसएसच्या विजेसारख्या दोन खुणा येतात. काळ्या सूर्याचं कायद्यात तितकं सरळ नाही, पण तो अंगावर घालून वर्गात बसलास तर शेजारची खुर्ची रिकामी राहील. आपलं पूजेतलं स्वस्तिक गुन्हा नाही. तरी ते लॅपटॉपवर चिकटवून विद्यापीठात नेऊ नकोस, दरवेळी खुलासा करत बसावं लागेल. थोर या जुन्या नॉर्स देवाच्या हातोड्याचं लॉकेट तिथे कितीतरी साधेसरळ मेटलवाले घालतात, ते चालतं. वाकनच्या मेटल महोत्सवाला जा. तिथे भेटणारी बहुतेक माणसं चिखलात लोळणारी, गोड असतात.

आईला समजावायला एखादं गाणं लावून दाखवशील तर प्रकरण चिघळेल, ते टाळ. तिला सांग की सैतान बिचारा पोस्टरवरच राहतो, खरी कटकट माणसांची आहे आणि ती तू निस्तरतोयस. एवढं तिला पुरेल.

राहिला प्रश्न मित्र बधलाच नाही तर काय. तर फेस्टच्या आधी, वेळेवर, बाकीच्या दोघांना कारण स्पष्ट सांगून बँड सोड. मैत्री सोडू नकोस, बँड सोड. आणि निघताना जमलं तर ड्रमरला बरोबर घे. गिटारिस्ट पुण्यात पैशाला पासरी आहेत, ड्रमर शोधून सापडत नाही.